गरम ताट

लग्न होऊन मी करडीला आले तेव्हा चुलीपाशी बसायचा मान मला पहिल्याच आठवड्यात मिळाला, आणि जेवायला बसायचा नंबर मिळाला शेवटचा. आधी सासरे आणि हे, मग सासूबाई आणि नणंद धुरपता, आणि सगळ्यांचे हात धुऊन झाले की मी. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. माझ्या माहेरी आईही अशीच जेवायची. बायकोने नवऱ्याचं ताट न धुता पुढे ओढायचं आणि त्यातच आपला भात वाढून घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. रीत म्हटली की कारण कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

हे म्हणजे टेकचंद. नाव तोंडाने घेत नाही, पण लिहायला काही होत नाही. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी, आणि तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असला की तेवढंही बोलणं नाही. जेवताना खाली मान घालून जेवायचे आणि दरवेळी ताटात थोडा भात टाकून उठायचे. सासूबाई चिडायच्या. म्हणायच्या, "हा पोरगा लहानपनी दाना टाकत नव्हता, आताच कायले अन्न टाकते?" मी गप्प राहायचे. कारण मी ताट ओढून तो भात बाजूला सारला की खाली मरळ माशाचा मधला तुकडा निघायचा. कधी तळलेली मिरची, कधी गुळाचा खडा, कधी वांग्याचं देठाकडचं मऊ टोक. सगळ्यांसमोर बायकोला चांगलंचुंगलं वाढायची सोय नव्हती, म्हणून हा माणूस भाताखाली लपवून ठेवायचा. आम्ही यावर कधी एका शब्दाने बोललो नाही. ती आमची आपसातली गोष्ट होती, आणि मला ती फार आवडायची.

फक्त तो तुकडा गार असायचा. वरण गार, भात गार, भाजी तळाची. चिन्नोरचा भात शिजला की त्याचा वास बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीपर्यंत जातो असं आमच्याकडे म्हणतात. त्या भाताचं झाकण रोज मीच काढायचे, वाफ माझ्याच तोंडावर यायची. पण माझ्या स्वतःच्या ताटातून वाफ निघते आहे आणि मी जेवते आहे, असं लग्नानंतर कधी झालं नव्हतं. त्याचं दुःख होतं असंही नाही. जे माहीत नसतं त्याचं दुःख कसलं करायचं? दुःख नंतर सुरू झालं, आणि त्याला कारण हिरालालचं भोजनालय.

धुरपताचं लग्न ठरलं होतं. धानाची मळणी आटोपली होती, बस्ता बांधून झाला होता, पण वरमाईच्या लुगड्याचा काठ सासूबाईंना पसंत पडेना. ते बदलून आणायला तुमसरला कोण जाणार? सासऱ्यांना ताप होता. सासूबाईंनी यांना सांगितलं, आणि रंगाची पारख म्हणून मला सोबत दिलं. सकाळी मी भाकरी फडक्यात बांधायला घेतल्या तर हे मागे येऊन उभे राहिले.

"शिदोरी नको बांधू," हळूच म्हणाले.

"काहून?"

"सांगतलं ना. नको बांधू."

सासूबाईंनी विचारलं तेव्हा मावशीच्या घरी जेवू म्हणून ठोकून दिलं. यांना खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे. सासूबाईंचं लक्ष लुगड्यात होतं म्हणून निभावलं.

डोंग्याने वैनगंगा उतरलो, पुढे मिळेल त्या गाडीने तुमसर गाठलं. लुगडं बदलून झालं तोवर सूर्य डोक्यावर आला होता. मला वाटलं, आता मावशीकडे. तर हे बाजाराच्या गल्लीत एका टिनाच्या छताखाली वळले. दारात पाण्याचा मोठा पितळी हंडा, गल्ल्यावर चष्म्याला दोरी बांधलेला हिरालाल, आणि आत बाकांवर बसून वचावचा जेवणारे गाडीवान आणि अडत्ये. मी उंबऱ्यातच थांबले. एवढ्या पुरुषांत मी कशी जेवायची?

हिरालालने माझ्याकडे पाहिलं आणि हाक दिली, "सेवकराम, फॅमिली रूम दाखव या दोघायले."

फॅमिली रूम म्हणजे कोपऱ्यात प्लायवूडची एक आडभिंत आणि तिला फुलाफुलांचा पडदा. आत एक टेबल, दोन खुर्च्या. जेवायला म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसत होते. पाय नीट टेकेनात, पदर कुठे घ्यावा कळेना. पण पडदा पडला आणि मला एकदम बरं वाटलं. बाहेर एवढा गलका, आणि आत आम्ही दोघंच. करडीच्या घरात दिवसाउजेडी आम्ही दोघं एका दाराच्या आत कधी बसलो नव्हतो.

सेवकराम हा वाढपी. उंच, जरा वाकलेला, खांद्यावर दुपट्टा, वय माझ्या थोरल्या भावाएवढं. त्याने दोन ताटं आणून ठेवली. पांढरा भात, त्यावर वरणाचा खळगा, वांग्याची रस्सेदार भाजी, पोळ्या, तळलेला पापड, कांद्याची फोड. दोन्ही ताटांतून वाफ निघत होती. लसणाच्या फोडणीचा वास मला आजही आठवतो.

आणि मी काय केलं? माझं ताट बाजूला सारलं. सेवकराम वरणाची बादली घेऊन आला तर त्याच्या हातातून ती घेतली. "द्या भाऊ, मी वाढते." तो इतका चकित झाला की त्याने देऊन टाकली. मी उभी राहून यांना वाढू लागले. वरण वाढलं, भाजी संपली तशी माझ्या ताटातली वाढली. हे भुकेले होते. खाली मान घालून जेवत राहिले. मी जेवत नाही हे यांच्या ध्यानातही आलं नाही. घरी तरी कुठे येत होतं?

जेवण झालं तसे हे उठून मागे हात धुवायला गेले. सेवकराम आत आला आणि सवयीने यांचं उष्टं ताट उचलायला वाकला. मी ताटावर हात ठेवला.

"थांबा भाऊ, माहं जेवन व्हायचं हाय."

त्याने माझ्यासमोरच्या भरल्या ताटाकडे पाहिलं, मग माझा हात होता त्या ताटाकडे पाहिलं. तो हसला नाही. त्याच्याही घरी कोणी असंच जेवत असेल. गुपचूप मागे सरला आणि पडदा नीट ओढून गेला. मी माझ्या ताटातला गार भात यांच्या ताटात घेतला, यांनी टाकलेला भात बाजूला सारला. खाली वांग्याची अर्धी फोड आणि पापडाचा तुकडा होता.

हे ओले हात झटकत आले आणि पडद्याशीच थबकले.

"अवो, तुह्यासाठी दुसरं ताट व्हतं ना."

"मंग हे कोनासाठी ठेवलं?" मी ती वांग्याची फोड उचलून दाखवली.

हे त्या फोडीकडे बघत राहिले. मग खुर्चीवर बसले, अगदी हळू. मी जेवून उठेपर्यंत पडद्याच्या फुलांकडे बघत बसले. मला वाटलं, मी यांची लाज काढली. हाटेलात जेवायची रीत मला माहीत नव्हती, खेडवळासारखी वागले, म्हणून रागावले असतील. मलाही राग आला. मी जे केलं ते माझ्या आईने केलं असतं, यांच्या आईनेही केलं असतं.

परतताना नदीच्या रेतीत डोंग्याची वाट बघत बसलो तेव्हा मीच तोंड उघडलं. "माहं काही चुकलं का जी?"

"तुहं नाई." यांनी रेतीत बोट फिरवलं. "समोर दोन ताटं व्हती. तरी माह्याच हातानं वांगं लपवलं. मले समजलंच नाई, का तुह्यापुढंही ताट हाय."

मग बोटाची रेती झटकत म्हणाले, "पुढच्या खेपेले संगच जेवू. तुह्या ताटातून वाफ निघून राहिली असन, अन् तू खाऊन राहिली असशीन. मले पाहायचं हाय ते."

एवढंच. पण हे माझ्याकडे बघून बोलले होते, आणि बोलताना तोंडात खर्रा नव्हता. त्या दिवसापासून मला एक हाव लागली. घरचा भात उतरवताना, वाफ तोंडावर आली की मला तो पडदा आठवायचा. दोघांची दोन ताटं, दोन्ही गरम, आणि कोणी कोणाची वाट बघत नाही. एवढीच इच्छा. लोक काशीला जायची इच्छा धरतात, मी हिरालालच्या भोजनालयाची धरली. कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

पुढच्या खेपा आल्या नाहीत असं नाही, आल्या. दर वेळी काहीतरी आडवं आलं.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही तिघं भंडाऱ्याला गेलो होतो. परतीची गाडी दुपारी होती. बसस्टँडाजवळच्या एका हॉटेलात शिरलो. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आता कदाचित सुधारलं असेल. आलूचा रस्सा म्हणून जे आलं त्यात आलू शोधावा लागत होता. भाताला रॉकेलचा वास. वरणात बोट बुडवलं तर बोटाला रंगही चढला नाही. यांनी पहिलाच घास घेतला आणि दाताखाली खडा असा कचकन वाजला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं. एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासूबाई उरलेल्या डोळ्याने ताटाकडे रोखून बघत होत्या.

"हा भात हाय का नदीतली रेती?" त्यांनी मालकाला विचारलं.

"जेवायचं असन तं जेवा, बाई."

"जेवतो ना. चावून देनारा मानूस पाठवा अंदरून."

सगळं हॉटेल हसलं. मीही पदर तोंडात कोंबून हसले. पण जेवण? सासूबाई आम्हा दोघांच्या मधे बसल्या होत्या. मी पोळीला हात लावताच त्यांनी तो डोळा माझ्याकडे वळवला. मी हात मागे घेतला. हे जेवले, त्या जेवल्या, मग मी. ते अन्न गरम असतं तरी खाववलं नसतं, पण मला त्याचं वाईट वाटायचं ते वाटलंच.

मंडईत तर यांनी स्वतःच घात केला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, माहेरवाशिणी येतात, पाळणे लागतात, रात्रीला नाटक असतं. तोवर आम्हाला एक पोरगी आणि एक पोरगा झाला होता; त्यांना सासूबाईंपाशी ठेवून शेजारच्या गावच्या मंडईत गेलो, तिथे एका हॉटेलवाल्याने कनात बांधली होती. कढईत भजे तळणं चालू होतं. हे म्हणाले, "बस." एका बाकावर आम्ही दोघं बसलो, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. पानाच्या द्रोणात भजे आले, बोट भाजेल इतके गरम. एक मी उचललं. तेवढ्यात करडीचेच तिघं-चौघं कनातीत शिरले आणि त्यातला एक जण ओरडला, "का रे टेकचंद, बायकोसंग हाटेलात?"

हे ताडकन उठले. "नाई बा. हे तं पोराईसाठी बांधून नेऊन राहिलो."

आणि खरंच माझ्यापुढचा द्रोण उचलून कागदात बांधून घेतला. माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. घरी जाऊन ते भजे आम्ही पोरांना दिले. गार, तेलकट, मऊ पडलेले. पोरांनी आनंदाने खाल्ले.

मी आठवडाभर यांच्याशी हो-नाहीपलीकडे बोलले नाही. नदीच्या रेतीत शब्द देणारा माणूस चार लोकांसमोर बायकोजवळ बसला म्हणून लाजतो, याचा मला भयंकर राग आला होता. पण त्या आठवड्यात रोज भाताखाली काहीतरी निघायचं. मासा, मिरची, गूळ. आठवड्याच्या शेवटी तर चक्क अख्खी जिलेबी निघाली, वरणात भिजून फुगलेली. कुठून आणली, ताटापर्यंत कशी पोचवली, कोणास ठाऊक. मी चुलीपाशी एकटीच हसत सुटले, आणि वरणातली जिलेबी खाल्ली. राग इतक्या सहज गेला हे मला मुळीच आवडलं नाही.

मधे एकदा हिरालालकडेही जाऊन आलो, पोरांना घेऊन. सेवकरामने मला ओळखलं. "या बाई," म्हणाला, "आज संगच वाढू ना दोघायले?" मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला. ताटं आली, वाफ आली. तोच पोरीने पाण्याचा गिलास उलटवला आणि पोराला बाहेर जायची घाई लागली. हे त्याला घेऊन गेले, मी पोरीचा झगा पिळत बसले. सगळे जागेवर येईपर्यंत दोन्ही ताटं गार. सोबत जेवलो, पण गार जेवलो.

"हे धरायचं नाई," हे पोरांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघत म्हणाले.

"नाई धरत," मी म्हटलं.

तुम्ही म्हणाल, घरी जेवायचं ना सोबत. सासरे गेले होते, सासूबाई अंथरुणाला टेकल्या होत्या, धुरपता आपल्या घरी. अडवणारं कोणी नव्हतं. पण चुलीपुढच्या बाईला उठता येत नाही. एक भाकर ताटात पडते तोवर दुसरी तव्यावर असते. आणि खरं सांगायचं तर मला घरचं नकोच होतं. मला कोणीतरी वाढलेलं हवं होतं, त्या पडद्याआड, यांच्यासमोर. हे म्हणायचे, धान विकला की जाऊ. धान विकायचा, मग पोरीची शाळा, मग बैल, मग रोवणी. जाऊ ना, हिरालाल कुठं पळून चालला, असं म्हणत वर्षं गेली.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात यांचा आवाज बसला. आधी सर्दी वाटली. मग घास अडकायला लागला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घशात गाठ आहे म्हणून नागपूरला पाठवलं. मोठा दवाखाना, लांबच लांब व्हरांडा. गळ्याला विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू झाला. तो खर्रा मी तेव्हा यांच्या खिशातून काढून गटारात फेकला, हे नुसते बघत राहिले.

यांना नळीने पातळ पेज द्यायचे. मला मात्र जेवायला बाहेर जावं लागायचं. दवाखान्यासमोरच्या गल्लीत एक भोजनालय होतं, तिथे आजाऱ्यांची माणसं जेवायची. पडदा नाही, फॅमिली रूम नाही. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून बसले. वाढप्याने विचारलं, "एकट्याच का ताई?" मी मान हलवली. त्याने ताट आपटलं. भात गरम होता. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर, फक्त माझ्यासाठी, वाफाळलेलं ताट आलं होतं. पोळी गरम, कोहळ्याची भाजी गरम, वरण तर तोंड पोळेल असं. आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. अन्न वाईट नव्हतं. मी त्या वाफेकडे बघत बसले आणि मला इतकं रडू आलं की शेजारच्या अनोळखी बाईने आपला पाण्याचा गिलास माझ्यापुढे सरकवला. तिचंही कोणीतरी आत असेल.

खोलीत गेले की हे खुणेने विचारायचे, जेवली का? मी म्हणायचे, जेवली. मग विचारायचे, गरम व्हतं का? मी म्हणायचे, नाही, गारच होतं. रोज खोटं बोलले.

पावसाळा संपता संपता डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. त्याचा अर्थ मला समजला, यांनाही समजला. नळी काढली होती, पातळ काही थोडं थोडं गिळता येत होतं. आम्ही बसने भंडाऱ्याला आलो, तिथून तुमसरच्या गाडीत बसलो. तुमसरला उतरून, आता पुलावरून फिरून जाते ती करडीची गाडी धरायची होती. ती उभीच होती. मी पिशवी उचलली तर यांनी माझं मनगट धरलं आणि बाजाराच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

"आज नको जी," मी म्हटलं. "तुमाले उभं राहवत नाई."

"मंग कवा?" हे म्हणाले. आवाज म्हणजे नुसता वारा होता, पण शब्द कळले.

हिरालालचे केस पांढरे झाले होते, चष्म्याची दोरी तीच होती. टिनाच्या जागी स्लॅब आला होता. प्लायवूडची आडभिंत मात्र होती आणि पडदाही होता, फुलं धुऊन धुऊन पुसट झालेली. सेवकराम आता चांगलाच वाकला होता. त्याने यांच्याकडे पाहिलं, गळ्याच्या काळ्या पडलेल्या कातडीकडे पाहिलं, आणि काही न विचारता खुर्ची ओढून दिली.

"दोन ताटं?"

यांनी एक बोट वर केलं. मग त्या बोटाने मला दाखवलं.

"मी नाई खात एकटी," मी म्हटलं. "संगच जेवायचं ठरलं व्हतं."

"खा," हे म्हणाले. "मले पाहायचं हाय."

ताट आलं. भात, वरण, वांग्याची भाजी, पापड. वाफ सरळ वर चढत होती आणि वाफेच्या पलीकडे हे बसले होते. सेवकराम बादली घेऊन आला. यांनी हात पुढे केला. सेवकरामने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि बादली यांच्या हातात दिली. हे उठून उभे राहिले. वरणाची पळी अर्धी टेबलावर सांडली, अर्धी माझ्या भातावर. मी खाली मान घातली आणि जेवायला लागले.

आणि मला चव लागली. हे लिहिताना कोणाला काय वाटेल याची मला पर्वा नाही. दवाखान्यातून घरी काय घेऊन चालले होते ते मला माहीत होतं, तरी त्या वरणाला लसणाची फोडणी होती, भात मऊ होता, वांगं तोंडात विरघळत होतं. माझ्या माणसाने मला गरम वाढलं होतं आणि मी खात होते. मी पोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली. यांनी भाजी सरकवली, पापड सरकवला. मी वर पाहिलं तेव्हा हे गालाला हात लावून माझ्याकडे बघत होते, अगदी निवांत, शेतात धान लोंबीला आल्यावर बांधावर बसून बघायचे तसे.

पोट भरलं. मी उठून मागे हात धुवायला गेले. तिथे नळाशी थोडी रडले, तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि परत आले.

पडदा बाजूला केला. यांनी माझं उष्टं ताट आपल्यापुढे ओढून घेतलं होतं. कडेला राहिलेला भात बोटांनी बाजूला सारला होता. खाली वांग्याचा मऊ गर होता, देठाकडचा. तो मी ठेवला होता. कधी ठेवला, कसा ठेवला, मला खरंच माहीत नाही. माझ्या हाताने ठेवला. यांनी मात्र बरोबर तिथेच पाहिलं. त्या गरात वरण कालवून, अगदी पातळ करून, हे बोटाच्या टोकावर घेत होते आणि डोळे मिटून गिळत होते. एकेका घासाला मान वर करावी लागत होती.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. पाय आता नीट टेकत होते. मी वाट बघत बसले.

थोड्या वेळाने पडदा हलला. सेवकराम दुपट्ट्याने टेबल पुसायला आला आणि सवयीने ताटाकडे हात नेला. मी ताटाच्या काठावर हात ठेवला.

"थांबा भाऊ," मी म्हटलं, "यांचं जेवन व्हायचं हाय."